पिणाऱ्याला विचारून कॉफी

लोअर परळ किंवा दादरच्या एखाद्या कार्यालयात कॉफीची सोय करायचं ठरलं की सगळ्यात आधी टेबलावर येतं ते यंत्राचं माहितीपत्रक. बटणं किती, तासाला पेले किती निघतात, जागा किती लागते, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: यंत्र फुकट. ॲडमिनचा माणूस तीन कोटेशनं मागवतो, पेल्यामागचा दर ज्याचा सगळ्यात कमी त्याला काम देतो आणि वर्षभरासाठी विषय मिटतो. पुढे कॉफी पाणचट लागू लागते, यंत्र अधूनमधून बंद राहतं आणि माणसं पुन्हा खाली उतरून टपरीवरच्या कटिंगकडे वळतात. यात त्या ॲडमिनच्या माणसाचा दोष थोडाच आहे. त्याला यंत्र निवडायला सांगितलेलं असतं. निवडायला हवी असते सेवा. माझं म्हणणं असं की कामाच्या जागी कॉफीची सेवा तीच चांगली, जिच्यात देणारा पिणाऱ्याला थेट जाब देतो. यंत्र, दर, ब्रँड हे सगळं त्यानंतर. हे तत्त्व कुठून बाहेरून आणायची गरज नाही. ज्या जमिनीवर आज ही काचेची कार्यालयं उभी आहेत, तिथे ते एकेकाळी कायद्यातही होतं आणि रोजच्या व्यवहारातही.

आधी त्या फुकट यंत्राचा हिशेब पाहू. यंत्र देणारा ते दान म्हणून देत नाही. कराराच्या आतल्या पानांवर बहुधा दोन अटी असतात: पूड आमच्याकडूनच घ्यायची, आणि महिन्याला अमुक इतकी घ्यायचीच. म्हणजे यंत्राची किंमत पुडीच्या दरातून वसूल होत राहते. 60 माणसांचं कार्यालय धरा. प्रत्येकी दोन पेले म्हणजे दिवसाला 120, आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर 3,000 पेले. पेल्यामागे दोन रुपये जास्त गेले की महिन्याचे 6,000 आणि वर्षाचे 72,000 रुपये झाले. यात गैर काही नाही, तो धंदा आहे. पण ज्याने तो दर मान्य केला त्याला आपण यंत्राचं भाडं भरतो आहोत हे कळलेलं असायला हवं. उलट बाजूही खरी आहे. माणसं ती कॉफी अर्धी पिऊन टाकून देत असतील, तर कमी दराचा पेलाही महागच पडतो. म्हणून यंत्रातून निघालेल्या पेल्यांवर दर काढू नये, शेवटपर्यंत प्यायल्या गेलेल्या पेल्यांवर काढावा. बेसिनशेजारच्या बादलीत काय ओतलं जातं हे आठवडाभर पाहिलं, तर कोणत्याही कोटेशनपेक्षा जास्त कळतं.

आता पेल्यात काय असतं ते. बहुतेक कार्यालयांतल्या साध्या यंत्रात प्रीमिक्स घातलेलं असतं, म्हणजे साखर, दुधाची भुकटी आणि इन्स्टंट कॉफी यांचं तयार मिश्रण. आपल्याकडच्या नियमांनुसार पाकिटावर घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. यादीत साखर पहिली असेल, तर त्या पाकिटात कॉफीपेक्षाही आणि दुधापेक्षाही साखर जास्त आहे, इतकं साधं वाचन आहे ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा प्रसिद्ध केली. 2,000 कॅलरींचा आहार धरला, तर वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा त्यांचा सूर आहे. एका पेल्यात 8 ग्रॅम साखर धरली, तर कार्यालयातल्या तीन पेल्यांतच 24 ग्रॅम झाली; घरचा सकाळचा चहा अजून मोजलाच नाही. मधुमेह असलेल्या माणसाला तर अशा यंत्रासमोर निवडच उरत नाही, कारण साखर पुडीतच मिसळलेली असते. बिनसाखरेचं प्रीमिक्स मिळतं, साखर वेगळी ठेवता येते, पण ते मागावं लागतं. करार करणाऱ्याला मधुमेह नसेल, तर ते मागायचं सुचतंच असं नाही. पिणाऱ्याला विचारल्याशिवाय निवड केली की काय होतं, त्याचं हे सगळ्यात साधं उदाहरण.

चिकोरीचंही तसंच. कॉफीत चिकोरी मिसळणं म्हणजे भेसळ, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, आणि दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीची चव पुष्कळांना त्याच्यासहच आवडते. नियम इतकाच आहे की कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. 80 टक्के कॉफीची पूड आणि 51 टक्क्यांची पूड, दोन्ही कायदेशीर. दरात मात्र मोठा फरक, कारण चिकोरी स्वस्त असते. कोटेशनात नुसतं ‘फिल्टर कॉफी’ असं लिहिलेलं असेल, तर प्रमाण विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

दादरच्या शेजारी माटुंगा आहे, ही मध्य मुंबईची मोठी सोय आहे. कॉफी भाजून, दळून, हव्या त्या प्रमाणात मिसळून देणारी दुकानं आणि उडपी हॉटेलांची फिल्टर कॉफी तिथे कित्येक दशकं आहे. डिकॉक्शन काढायला वीज लागत नाही, बटण लागत नाही. पितळेचा किंवा स्टीलचा फिल्टर, ताजी पूड, उकळतं पाणी आणि थोडा धीर लागतो. सकाळी काढलेलं डिकॉक्शन झाकून ठेवलं तर दुपारपर्यंत चांगलं राहतं. पुन्हा पुन्हा उकळलं की कडवट होतं. एका पेल्याला साधारण 8 ते 10 ग्रॅम पूड धरली, तर वरच्या 60 जणांच्या कार्यालयाला महिन्याला 24 ते 30 किलो लागेल. इतका माल नियमित घेणाऱ्याला दुकानदार हवं ते मिश्रण करून देतो. मराठी घरातली कॉफी याहून निराळी, दुधाळ, गोड आणि वरून जायफळ किसलेली. तीही याच पुडीत होते. जायफळाचं बटण असलेलं यंत्र मात्र बाजारात मिळणार नाही.

जाब देणारी सेवा म्हणजे काय, हे गिरणगावाइतकं कोणाला ठाऊक असणार? कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींत राहायचे आणि जेवायचे खाणावळीत. ती खाणावळ चालवणारी बाई बहुधा त्याच चाळीतली, पुष्कळदा गिरणी कामगाराचीच बायको. तिच्याकडे जेवणाऱ्याला आमटी खारट झाली तर ती त्याच पंगतीत सांगता यायची आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायची. मध्ये कोणी कंत्राटदार नव्हता, खरेदी विभाग नव्हता. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या तावडीतून त्यांना बँकेच्या कर्जाकडे नेलं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि ते जेवणारेच विखुरले. पण घरच्या स्वयंपाकातून शेकडो माणसांना रोज वेळेवर खाऊ घालता येतं, हे त्या बायकांनी सिद्ध करून ठेवलं होतं.

गिरणीच्या आत कायद्याने तेच म्हटलं होतं. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 46 व्या कलमानुसार 250 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह चालवायला सरकार भाग पाडू शकत होतं. त्या कलमातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे: उपाहारगृहासाठी व्यवस्थापन समिती असावी आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असावेत, यासाठी नियम करण्याची तरतूद. कोणता खर्च मालकाने सोसायचा आणि पदार्थाच्या दरात धरायचा नाही, हेही ठरवण्याची सोय त्यातच होती. म्हणजे चहा-कॉफीचा दर आणि दर्जा हा पिणाऱ्याने बोलायचा विषय आहे, हे त्या काळी गृहीत होतं. प्रत्यक्षात प्रत्येक गिरणीत ती समिती जोमाने चालली असा दावा मी करत नाही. तत्त्व मात्र लिहिलेलं होतं.

आज त्याच फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत कामाला येणारा माणूस कारखान्यात नसतो, आस्थापनेत असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 100 किंवा जास्त कामगारांसाठी उपाहारगृहाची तरतूद आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितांतही हा आकडा 100 च आहे, आणि त्यात कंत्राटी कामगार धरायचे आहेत. पण गिरगावातली वकिलांची कचेरी, दादरचं प्रकाशन, लालबागचा छापखाना, परळमधली 30 जणांची कंपनी यांना ही उपाहारगृहाची तरतूद लागत नाही. तिथे कॉफी ही मालकाच्या मर्जीची गोष्ट आहे. म्हणून तिथे समितीची गरज जास्त. समिती म्हटलं की बैठका आणि इतिवृत्तं डोळ्यांसमोर येतात. तसलं काही नको. तीन माणसं पुरेत: रोज कॉफी पिणारं एक, कॉफी न पिता चहाच पिणारं एक, आणि पेले धुणारं एक. तिसऱ्याला वगळू नका. यंत्राच्या आत काय साठतं, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

कारण चांगल्या आणि वाईट कॉफीतला बराचसा फरक धुण्यात असतो. प्रीमिक्सच्या यंत्रात पूड आणि गरम पाणी ज्या वाटीत घुसळलं जातं, तिथे वाफ वर चढून पुडीला ओल लागते. मुंबईच्या पावसाळी हवेत ही ओल दुप्पट त्रास देते. डब्यात गुठळ्या होतात, पूड कमी पडते आणि पेला पाणचट निघतो. ती वाटी आणि नळी रोज धुवायला हवी. ताज्या दुधाचं यंत्र असेल तर आणखी कडक नियम हवा. दूध 5 ते 60 अंशांच्या मधल्या उष्णतेत राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि दुधाच्या नळीत उरलेला थेंबही दूधच असतो. कोणी धुवायचं, किती वाजता, धुण्याची पूड कोणी पुरवायची, हे करारात लिहिलेलं नसेल, तर ते कोणीच करत नाही. पुरवठादार म्हणतो ते कार्यालयाचं काम, कार्यालय म्हणतं ते पुरवठादाराचं. त्या मानाने पाण्याची चिंता या भागात कमी आहे. महापालिकेचं पाणी तलावांतून येतं, त्यात क्षार कमी असतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये म्हटलं होतं की विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमहून कमी असतील, तर आर.ओ. यंत्राला बंदी असावी. म्हणून कॉफीच्या यंत्रासोबत आर.ओ. विकायला कोणी आला तर आधी इमारतीची टाकी कधी धुतली ते पाहावं. साधी गाळणी बहुधा पुरते.

यंत्र बिघडलं की किती वेळात माणूस येतो, हा प्रश्न आपल्या भागात नकाशा समोर ठेवून विचारायचा आहे. हिंदमाताला पाणी तुंबणं कमी व्हावं म्हणून प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. तरी जोराच्या पावसात दादर-परळचा रस्ता बेभरवशाचाच. सप्टेंबर 2025 पासून एल्फिन्स्टनचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवी या शेजाऱ्यांमधलं अंतर वाढलं. ज्याचं दुरुस्ती केंद्र वसई किंवा नवी मुंबईत आहे, त्याने ‘चार तासांत माणूस’ असं लिहून दिलं, तर जुलैमध्ये ते पाळता येईल का, हे विचारणं रास्त आहे. ते पाळलं नाही तर बिलातून किती वळते करायचे, हेही तिथेच लिहून घ्यावं.

पेल्याबद्दल थोडं. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी दाखवून दिलं की कागदी पेल्यात 85 ते 90 अंशांचं 100 मिलिलिटर पाणी 15 मिनिटं ठेवलं, तर आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ थरातून सुमारे 25,000 सूक्ष्मकण त्यात उतरतात. असा थर असलेल्या कागदी पेल्यांवर महाराष्ट्राने 2022 मध्ये बंदीही घातली. आपल्या 60 जणांच्या कार्यालयाचे वर्षाला 36,000 पेले होतात. ते देवनार किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीवर जाणार. स्टीलचा पेला आणि चिनी मातीचा कप हेच उत्तर आहे. धुवायला पाणी लागतं हे खरं, माणूस लागतो हेही खरं, आणि त्या माणसाचा पगार सेवेच्या खर्चात प्रामाणिकपणे धरला पाहिजे.

इथे पहिला आक्षेप येतो: माणूस ठेवणं महाग, यंत्र स्वस्त. दहा-बारा जणांच्या कचेरीत तो बरोबर आहे. तिथे फिल्टर, शेगडी आणि पाळीपाळीने करणारे हात पुरतात. नाहीतर जवळच्या उडपी हॉटेलातून थर्मास भरून मागवावा. पण 50-60 माणसं झाली की चित्र बदलतं. यंत्रालाही भरायला, धुवायला, पुसायला माणूस लागतोच. तो हिशेबात ‘ऑफिसबॉय’ म्हणून दुसऱ्या रकान्यात बसलेला असतो, इतकंच. दुसरा आक्षेप रात्रपाळीचा आहे, आणि तो मला मान्य आहे. परळला केईएम, टाटा, वाडिया अशी रुग्णालयं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. पहाटे तीनला डिकॉक्शन काढायला कोणी नसतं, तिथे यंत्रच हवं. पण तिथेही बिनसाखरेची पूड, रोजची धुणी आणि पिणाऱ्या परिचारिकांचं मत या अटी लागू राहतात, उलट जास्तच. तिसरा आक्षेप असा की फिल्टर कॉफी कडक, तिने कॅफिन जास्त जातं. पोषण संस्थेच्या त्याच पुस्तिकेत 150 मिलिलिटर ताज्या काढलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम आणि इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन सांगितलं आहे, आणि दिवसाची मर्यादा 300. म्हणजे तीन मोठे पेले काठावर नेतात. यावर उपाय लहान पेला हाच आहे, जो मुंबईने कटिंगच्या रूपात कधीच शोधून ठेवला आहे. त्याच पुस्तिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. देशातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असताना डब्याची सुट्टी संपताक्षणी कॉफी फिरवणं बरोबर नाही. वेळ साडेतीनची ठेवता येते, आणि ती माणूस ठेवू शकतो.

‘गिरणगावात कॉफी पितो कोण, चहाच हवा’ असंही म्हटलं जाईल. तसं असेल तर चहाच ठेवा. आलं, गवती चहा घातलेला, नीट उकळलेला. विचारून घेतलेला चहा लादलेल्या कॉफीपेक्षा कधीही बरा. मात्र कॉफी लोकांना आवडत नाही असं समजू नका. 1936 मध्ये कॉफी सेस कमिटीने पहिलं इंडिया कॉफी हाऊस चर्चगेटलाच उघडलं. पुढे कॉफी बोर्डाने ती घरं बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्याच कामगारांनी 1957 पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. वाढणाऱ्याच्या हाती कारभार असला की सेवा टिकते, याचा याहून मोठा पुरावा आपल्या देशात क्वचितच असेल.

शेवटचा मुद्दा वाढणाऱ्याचाच. टपरीवरून किटली घेऊन वर येणारा पोरगा किती वर्षांचा आहे, हे पाहणं कार्यालयाचं काम आहे. 10 ऑक्टोबर 2006 पासून चहाच्या दुकानांत आणि हॉटेलांत 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीने घरचा व्यवसाय आणि कलाक्षेत्र यांचे मर्यादित अपवाद वगळता ती सगळ्या कामांना लागू झाली. पुरवठादाराने पाठवलेल्या पॅन्ट्रीतल्या माणसाला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि साप्ताहिक सुट्टी मिळते का, हे बिलासोबत विचारावं. अन्नसुरक्षेचा 14 आकडी परवाना क्रमांक विचारायला आपण लाजत नाही, तसंच हे. आणि जवळपास एखादा महिला बचत गट चहा-कॉफी आणि खाण्याचं काम घेत असेल, तर त्याचं कोटेशन मोठ्या कंपनीच्या कोटेशनाशेजारी ठेवून पाहावं. खाणावळवाल्यांच्या या गावात ते काम करणारे हात अजून आहेत.

तुमच्या कार्यालयाचा कॉफीचा करार संपत आला असेल, तर नव्या कागदावर सही होण्याआधी तीन पुरवठादारांना आठवडाभर पाळीपाळीने सेवा द्यायला सांगा, पेले धुणाऱ्यासह सगळ्यांचं मत घ्या, आणि करार वर्षाचा न करता तीन महिन्यांचा करा.